क्रूझ नदीकाठची तसबीर

मी क्रूझ नदीकाठी विणलेली लोकरीची तसबीर बोलतेय. आत्ता मी विमानतळावर एका बॅगेत आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

क्रूझ हा या नदीच्याच नावाचा, फ्रान्सच्या मध्यावरचा खेड्यापाड्यांचा जिल्हा. ग्रॅनाइटच्या टेकड्या, ओली कुरणं, चेस्टनटची झाडं, आणि विणकामासाठी नावाजलेलं ओब्युसाँ गाव. तिथे मादलेन नावाच्या बाईने मला मागावर विणलं. आमच्याकडे विणतात ते उलट्या बाजूने. त्यामुळे माझ्यावरची नदी आणि दगडी पूल तिने धडपणे पाहिले ते मला खाली उतरवल्यावरच.

तिचा भाचा एतिएन इंजिनिअर होऊन अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत आला, तेव्हा तिने मला त्याच्या सामानात घातलं. त्र्याण्णव साल होतं. बाहेर रखरखीत वाळू, आत एसीचा घरघराट. मला तिथे झोप म्हणून लागली नाही.

एतिएनची बदली झाली तेव्हा त्याने मला त्याच्या ऑफिसातल्या विजयकुमारांना दिलं. ते पुण्याचे. त्यांची बायको अनुपमा मला भिंतीवर लावत होती. एतिएन सांगत होता, "आमच्याकडची जमीन हलकी. पुरुष वसंत आला की पॅरिसला चालत जायचे, गवंडीकामाला. थंडीत परतायचे."

"आणि बायका?" अनुपमाने विचारलं.

"शेत बघायच्या. वाट बघायच्या. पुढे पुढे लोक परतायचेच बंद झाले. गावं ओस पडली."

"आपण मात्र अजून दोनच वर्षं हं, अनु," विजयकुमार घाईघाईने म्हणाले. अनुपमाने मला खिळ्यावर सरळ केलं.

त्या दोन वर्षांची आठ झाली. आम्ही शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये आलो. दर उन्हाळ्यात अनुपमा मला काढून बॅगेत भरायची. या खेपेला कायमचंच पुण्याला जायचं म्हणून. आणि दर वेळी मी पुन्हा त्याच खिळ्यावर. खिडकीतल्या उन्हाने माझ्या नदीचा निळा रंग उडाला. त्यांची मुलगी ओवी शाळेत फ्रेंच शिकायची. तिने माझ्यावरून क्रूझचा प्रोजेक्ट केला, तेवढं एकच सुख.

गेल्या आठवड्यात एतिएन कामासाठी दुबईला आला आणि भेटायला घरी आला. मला पाहून दारातच थबकला.

"मादलेनआत्या अजून आहे," तो म्हणाला. "डोळे गेलेत. गावातली शाळा बंद झाली, शेजारी कोणी उरलं नाही. पण ती हिची चौकशी करते. म्हणते, बोटांनी ओळखेन."

अनुपमा उठली आणि तिने मला खिळ्यावरून उतरवलं.

"मम्मा, यू कान्ट जस्ट गिव्ह इट अवे!" ओवी रडवेली झाली. "इट्स अवर होम!"

"अगं अनु, विचार तरी कर," विजयकुमार म्हणाले.

"खलास, झाला विचार करून." तिने मला एका जुन्या सुती साडीत गुंडाळलं. "या घरातून कोणीतरी एकाने तरी परत जावं."

ओवीने साडीवरून हात फिरवला आणि दार लोटून आत निघून गेली.

आता विमानाची घोषणा झालीय. तिथली ओल मला सोसेल का? ती बोटं माझी वाट बघत असतील की कधीच थकली असतील? तुमच्या भिंतीवर कोणी दूरदेशाहून आलेलं असेल, तर त्याला एकदा विचारा, बाबा रे, तुला जायचंय का? मला कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं, ते मला अजूनही कळत नाही.