साबणातले पाच स्क्रू

"कागद बघितल्याबिगर मी हात लावनार नाय, सायेब."

सोमनाथने दोन्ही हात पाठीमागे घेतले. समोर टेबलावर पिवळ्या फडक्यात एक रिव्हॉल्व्हर पडलं होतं आणि त्याच्या शेजारी पितळेची एक वाकडी, जाडजूड चौकट.

"अरे बाबा, लायसन्स आहे," इंजिनिअर सुजीतसाहेब वैतागून म्हणाले. "अरबाबचं स्वतःचं आहे. क्लबमध्ये टार्गेट शूटिंग करतात ते. हे बघ, फोटोसकट."

अरबाब म्हणजे वर्कशॉपचा मालक. तो समोरच उभा होता. सोमनाथला अरबीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी त्याने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, उजेडात धरला आणि फोटोतला चेहरा मालकाच्या चेहऱ्याशी ताडून बघितला. म्हातारा अरबाब हसला. गोळ्या भरायचं गोल चक्र त्याने आधीच काढून खिशात ठेवलं होतं. मग त्याने आपला उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती. तरुणपणी मासेमारीच्या होडीवर दोराच्या चरख्यात गेली होती.

"पुराना मूठ छोटा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "हाथ से जाता है. ये बडा. अमरिका से आया. तुम बिठाव."

ते रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं होतं. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप चालायचा. तीन बोटांच्या हाताला अंगठा मोकळा करायचा म्हणजे मूठ भरभक्कमच हवी. म्हाताऱ्याची अडचण सोमनाथला पटली, संशय मात्र गेला नाही. एवढी मोठी दुबई सोडून हे काम अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या पंपाच्या वर्कशॉपात का आलं? आणि आलं ते आपल्याच टेबलावर का?

का ते सगळ्यांना माहीत होतं. सोमनाथसारखी कानस चालवणारा दुसरा माणूस त्या वर्कशॉपात नव्हता. त्याच्याइतका संशयीही नव्हता, ही गोष्ट वेगळी. बायकोचं, मुक्ताबाईचं पत्र आलं की तो आधी पाकिटाचा डिंक तपासायचा. मेसच्या डाळीचा वास घेतल्याशिवाय घास घ्यायचा नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि सोमनाथचं तोंड चांगलंच पोळलं होतं. आखातात आल्यावर पहिल्याच कंपनीत कुणीतरी चोरलेली तांब्याची तार त्याच्या खाटेखाली सापडली होती. तीन दिवस तो कोठडीत बसला होता, न केलेल्या चोरीसाठी. चौथ्या दिवशी खरा चोर सापडला आणि त्याला सोडलं. पण ते तीन दिवस त्याच्या अंगातून गेले नाहीत.

त्याचा जिवाभावाचा म्हणावा असा माणूस एकच, लेथवरचा रफिक. सोमनाथ पाटणचा, रफिक चिपळूणचा. कुंभार्ली घाटाच्या वर एक आणि खाली एक. कॅम्पच्या खोलीत अकरा वर्षं खालची खाट सोमनाथची आणि वरची रफिकची. दोघांत साबणाचा रिवाज होता. एका महिन्याला एकाने कपड्याच्या साबणाची वडी आणायची, हॅकसॉच्या पात्याने मधोमध कापायची, अर्धी तुझी, अर्धी माझी. त्या महिन्याची वडी रफिकने आणली होती.

"माझी अर्धी घे," मुठीचं काम आलेलं बघून रफिक म्हणाला. "स्क्रू टोचायला लागेल ना तुला."

ही सोमनाथची जुनी पद्धत. यंत्र खोललं की प्रत्येक स्क्रू ओल्या साबणात टोचायचा, ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमाने. घरंगळत नाही, हरवत नाही, अदलाबदल होत नाही. मुठीचे स्क्रू पाच होते आणि लांबीला सगळे सारखे नव्हते.

काम नाजूक होतं. पितळेची चौकट मुद्दाम थोडी मोठी ओतलेली असते, घासून घासून पोलादाशी मिळवायची. सोमनाथ सांध्याला निळा रंग लावायचा, चौकट बसवायचा, काढायचा, जिथे रंग उमटला तिथे कानशीचे दोनच हात मारायचा. जास्त गेलं की गेलंच, पितळ परत चिकटवता येत नाही. दोन दिवस असे गेले. सांध्यावरून नख फिरवल्यावर ते अडकता कामा नये, ही त्याची परीक्षा.

"अडकतंय अजून," रफिक आपलं नख फिरवून म्हणायचा.

"तुझं नख वाढलंय."

"माझं नख वाढलंय का तुझा हात म्हातारा झालाय?"

तिसऱ्या दिवशी जेवणाचा भोंगा झाला. ऑगस्टची हवा भट्टीसारखी होती, साबण लोण्यासारखा मऊ झाला होता. सोमनाथने पाची डोकी अंगठ्याने एकदा दाबून घेतली, वडी फडक्यात गुंडाळून खणात कोंबली, खण अडला तसा गुडघ्याने रेटला आणि कुलूप लावलं. बाहेर पडताना त्याने मागे वळून पाहिलं. रफिक कोपऱ्यात चटई अंथरत होता. तो दुपारची नमाज नेहमी वर्कशॉपातच पढायचा.

परत आल्यावर सोमनाथने फडकं उलगडलं. साबणावर चार डोकी होती. पाचव्याच्या जागी गुळगुळीत खळगा, आणि त्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या.

हत्याराचा भाग गायब! पुन्हा तीच कोठडी, तेच तीन दिवस, नाहीतर तीन वर्षं. त्याने खण उपसला, टेबलाखाली चुंबक फिरवलं, खालच्या कचऱ्यातला कीस चाळला. मग कुलपाकडे पाहिलं. ते कुलूप हॅकसॉच्या पात्यानेही उघडतं, हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

"काढून घेतला आन् वरून अंगठ्यानं लिंपला," तो रफिकपुढे जाऊन म्हणाला. "दे इकडं."

"काय देऊ?" रफिकला आधी थट्टाच वाटली. मग सोमनाथचा चेहरा पाहून त्याने लेथ बंद केला. "अरे, मी कशाला घेऊ तुझा स्क्रू? साबण आण. कापून बघू, आत गेला असंल."

त्याने पातं उचलून हात पुढे केला. सोमनाथने साबण छातीशी धरला. "पुरावा कापतोस व्हय? हात लावू नगस! ह्याच्यावर तुझा अंगठा हाय!"

रफिकचा हात तसाच राहिला. पातं त्याने सावकाश खाली ठेवलं. त्यानंतर तो त्या साबणाबद्दल एक शब्दही बोलला नाही.

सुजीतसाहेब धावत आले. "स्टुपिड! पोलिसांना कळलं तर कंपनीला टाळं लागेल, समजतंय का तुम्हाला?" कॅम्पमध्ये रफिकची ट्रंक उघडली. झाकण रफिकनेच धरून ठेवलं होतं. आतून लेकीसाठी, कुलसुमसाठी घेतलेली हिरवी ओढणी निघाली, औषधाच्या गोळ्या निघाल्या, स्क्रू निघाला नाही. सोमनाथने ते बघितलं आणि मनात म्हटलं, घरात ठेवायला हा काय येडा आहे?

संध्याकाळी अरबाब आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, रफिककडे पाहिलं, मग सोमनाथकडे.

"पक्का?" त्याने विचारलं.

एवढा एकच प्रश्न. 'नक्की नाही' म्हणायला सोमनाथला जागा होती. पण एकावरचा संशय गेला की तो दुसऱ्यावर येतो, हे तो तीन दिवसांच्या कोठडीत शिकला होता.

"पक्का," तो म्हणाला.

"खलास," अरबाब म्हणाला. पोलीस नकोत, गवगवा नको. रफिकचा व्हिसा रद्द झाला.

आठव्या दिवशी रफिक गेला. वरच्या खाटेची गादी गुंडाळून त्याने नीट दोरीने बांधली आणि खोलीतल्या बाकीच्यांना हात मिळवले. सोमनाथ त्या वेळी मुद्दाम नळावर जाऊन उभा राहिला होता.

पाचवा स्क्रू सोमनाथने रफिकच्याच लेथवर दोन तासांत बनवला. मूठ बसली. सांध्यावरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. त्याने सवयीने मान वळवली आणि ज्याला दाखवायचं तोच नाही हे आठवून पुन्हा टेबलाकडे वळला. अरबाबने तीन बोटांनी मूठ धरली, अंगठ्याने घोडा मागे ओढला, तो टक्‌कन बसला, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माशाल्ला, सोमनाथ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साबण मात्र सोमनाथने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. उद्या रफिकने तक्रार केली, पोलीस आले, तर अंगठा दाखवता येईल. कोणी आलं नाही, कोणी विचारलंही नाही.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो कपडे धुवायला बसला तेव्हा साबण संपला होता. साबण आणायची पाळी रफिकची होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मग उठून ट्रंकेतला तुकडा काढला. पुरावा पुरावा म्हणून किती दिवस सांभाळायचा?

शर्टाच्या कॉलरवर साबण घासताना काहीतरी खर्रकन ओरखडलं. कापड फाटलं. सोमनाथने साबण उलटा केला. खालच्या बाजूने पोलादाचं एक टोक बाहेर आलं होतं.

त्याने नखाने भोवतीचा साबण खरवडला. पाचवा स्क्रू सरळ उभा होता, ज्या जागी टोचला त्याच जागी, फक्त आत गेलेला. वरचा खळगा अजून पुसलेला नव्हता. सोमनाथने आपला अंगठा त्यात ठेवला. तो बरोबर बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. सोमनाथने तर त्या वळशात एका माणसाला गावाबाहेर काढलं होतं. नळ वाहत राहिला. त्याला आपली एवढी लाज कधीच वाटली नव्हती, कोठडीतसुद्धा नाही. तिथे त्याने काही केलेलं नव्हतं.

शनिवारी चहाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर टेबलावर स्क्रू ठेवला. "रफिकनं घेतला नव्हता. माझ्याच अंगठ्यानं आत गेला हुता."

सुजीतसाहेबांनी कपाळाला हात लावला. "व्हिसा कॅन्सल झालाय रे. आता सहा महिने तरी तो परत येऊ शकत नाही." अरबाबला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "इन्शाल्ला." देवाची मर्जी, म्हणजे आता होणार नाही, हा त्याचा अर्थ तिथे सगळ्यांनाच कळत होता. दुसऱ्या दिवसापासून, आपल्यावरही असा आळ नको म्हणून, शेजारच्या फिटरने आपल्या खणाला नवं कुलूप लावलं. सोमनाथने ते पाहिलं आणि मान खाली घालून कानस उचलली.

पुढच्या शुक्रवारी फोनचं कार्ड घेऊन तो बूथमध्ये उभा राहिला. चिपळूणला शेजाऱ्यांकडे फोन होता. आधी रफिकची बायको हव्वाबी आली. नाव ऐकून तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"रफिक, सापडला रं स्क्रू. साबणातच हुता. तू म्हनला हुतास... माझं चुकलं. मला माफ कर."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. कार्डावरचे आकडे भराभर उतरत होते.

"मूठ बसली का नीट?" रफिकने विचारलं.

"बसली."

"नख?"

"नाय अडकत."

"मग झालं," रफिक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

परतताना सोमनाथने दुकानातून साबणाची वडी घेतली. खोलीवर येऊन हॅकसॉचं पातं काढलं, वडी मधोमध कापली आणि एक अर्धी वरच्या खाटेवर, उघड्या फळीवर ठेवली. महिनाभराने तिथे दुसरा माणूस राहायला आला. त्याने साबण कुणाचा म्हणून विचारलं.

"रफिकचा हाय," सोमनाथ म्हणाला. "ऱ्हाऊ दे तिथंच."