वाढत्या अंगाचा झगा

"काका, सम्राटाला खिसा कशाला हवाय?"

पांढरा अंगरखा मी उलटसुलट करून बघत होते आणि डाव्या शिवणीत माझा हात मनगटापर्यंत आत गेला होता. जनार्दनकाकांनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

"खिशाशिवाय कपडा कसा देऊ, बाई? मुलगी स्टेजवर उभी राहील. हात कुठं ठेवील?"

"अहो, रोममध्ये खिसे नव्हते!"

"म्हणूनच बुडाले असतील."

तेव्हा तेरा वर्षं मी मस्कतमध्ये शाळेतल्या पोरांना इतिहास शिकवत होते. रोम का बुडालं याची कारणं मी फळ्यावर लिहिते, पोरं वहीत उतरवतात. खिशाचं कारण कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण माणूस इतक्या खात्रीनं बोलत होता, की मी खिसा राहू दिला.

काकांचं दुकान दार्सैतमध्ये, कृष्णमंदिराकडून खाली येणाऱ्या गल्लीत. एक मशीन, एक इस्त्री, कापायचं टेबल, आणि बाहेर 'जेंट्स टेलर' अशी पाटी. देवगडहून पंच्याऐंशी साली आले, ते तिथंच. पँट कापावी ती काकांनी. गावातले निम्मे मराठी नवरे त्यांच्या पँटी घालून ऑफिसात गेले आणि तिथंच जाडे झाले. आमचे जयप्रकाश म्हणायचे, "माझ्या पोटाचा इतिहास डॉक्टरपेक्षा काकांना जास्त ठाऊक आहे."

आणि काकांचं एक पालुपद होतं. कुणी दुकानात शिरलं की पाचव्या मिनिटाला ऐकायला मिळायचं. "एकतीस वर्षांत आपला कपडा परत आलेला नाही." मला आधी ती बढाई वाटायची. मी मेली संशयी, चार घरी चौकशी केली. खरंच कुणी कधी परत नेला नव्हता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळात, काकांना साठ पूर्ण झाली. व्हिसा पुढे होणार नाही, असं अर्बाबनं, म्हणजे त्यांच्या इथल्या मालकानं, सांगून टाकलं होतं. खलास. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान येणार होतं. गुरुवारी रात्रीचं विमान होतं आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी आमचं गॅदरिंग. म्हणजे माझ्या नाटकाचे कपडे हे काकांचं मस्कतमधलं शेवटचं काम. "शेवटची ऑर्डर राजाची," ते येईल-जाईल त्याला सांगायचे, "पँटवाल्याच्या नशिबात असं कुठलं असायला!"

मला रोमचं वेड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ते सरळसोट रस्ते, डोंगरातून शहरात आणलेलं पाणी, ते कायदे. इथल्या सलालाकडचा लोबान गलबतांतून जायचा आणि त्यांच्या देवळांत जळायचा. हे सांगताना मला आजही भरून येतं आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. तर त्या रोमच्या शेवटच्या दिवसावर मी नाटक लिहिलं होतं. सन चारशे शहात्तर. पश्चिमेकडच्या रोमचा शेवटचा सम्राट म्हणजे एक कोवळा पोरगा. नाव रोम्युलस. लोक त्याला ऑगस्टुलस म्हणत, म्हणजे लहानगा ऑगस्टस. ओडोआकर नावाच्या सेनापतीनं त्याला गादीवरून उतरवलं, पण वयाकडे बघून जीव घेतला नाही. पुढे राजवस्त्रं बांधून कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे पाठवून दिली. आम्हाला आता वेगळा राजा नको, म्हणाले. संपलं रोम.

हे सगळं मी काकांना दुकानातल्या स्टुलावर बसून हप्त्याहप्त्यानं सांगितलं होतं. विद्यार्थी असावा तर असा! एकदा मी म्हटलं, "काका, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. शेवटी शेवटी त्यांनी रोम शहरात पँट घालायला बंदी केली होती. कायदाच काढला. पँट म्हणजे रानटी लोकांचा पोशाख. घालणाऱ्याची मालमत्ता जप्त, आणि वर हद्दपारी."

मशीन थांबलं. "पँटीवर बंदी?"

"हो."

"ज्या राज्याला लोकांच्या पँटी बघत बसायला वेळ आहे, त्याचं काही खरं नाही." काकांनी चष्मा काढून पुसला. "त्यानंतर किती वर्षं टिकले?"

"ऐंशीएक वर्षं."

"ऐंशी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आतून एवढं कुजूनसुद्धा उसवायला ऐंशी वर्षं लागली? मग पहिली शिलाई कोणी घातली होती हो? माणूस मोठा असला पाहिजे."

मी ऑगस्टसचं नाव सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि पुन्हा पाय मारायला लागले. त्याचे कपडे कोण शिवायचं, असंही त्यांनी विचारलं. ते मला माहीत नव्हतं. "पुस्तकात शिंप्याचं नाव नाही होय," एवढंच म्हणाले आणि दोरा ओवला.

सोमवारी पोशाखांसकट तालीम होती. टोगे, म्हणजे रोमन लोकांची अंगाभोवती गुंडाळायची वस्त्रं, झकास झाले होते. दिश्दाशाच्या, म्हणजे इथल्या अरबांच्या पायघोळ अंगरख्याच्या, पांढऱ्या कापडाचे, आतून हळूच बटणं लावून, म्हणजे पोरांचे सुटायला नकोत. शेवटी उर्वीनं सम्राटाचा जांभळा झगा घातला. सातवीतली किडकिडीत मुलगी. झगा पायांवरून पुढे वीतभर जमिनीवर पसरला, खांद्यावरून घसरला. तिनं एक पाऊल टाकलं आणि अडखळली. मागच्या टोगेवाल्या सगळ्या सिनेटनं फिदीफिदी दात काढले.

माझं डोकं फिरलं. तीन दिवस राहिलेत, आणि हे! तालीम अर्धवट सोडून मी झगा पिशवीत कोंबला आणि टॅक्सीनं तडक दुकानात गेले.

"काय हे, काका? माप घेतलं होतंत ना?"

"घेतलं होतं की."

"मग एवढा घोळदार? पोरगी तोंडावर पडली असती!"

काकांनी झगा टेबलावर पसरला, हात फिरवला. "वाढत्या अंगाचा शिवलाय, बाई. लहान मुलाचा कपडा नेमका मापाचा कोण शिवतं? वर्षात आखूड होतो. आतही माया ठेवलीय, चार बोटं. उसवली की उंची वाढेल."

"अहो, पण हा राजा वाढत नाही!" मी जवळजवळ ओरडले. "तिसऱ्या प्रवेशात उतरवतात त्याला गादीवरून! त्याला वाढायला वेळच नाही! जास्तीचं सगळं कापा आणि मापाचा करून द्या. परवा नेते."

काकांनी कानावरचा खडू काढला, पुन्हा कानावर ठेवला. रागावले की ते मालवणीत उतरायचे. मी त्याची वाटच बघत होते. पण ते अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "ठेवा. करून देतो."

घरी आले, चहा टाकला, जयप्रकाशना सगळं सांगितलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षांत पहिला कपडा परत केला तो तू. तीन दिवस उरलेले असताना."

चहा उतू गेला. शपथ सांगते, तोवर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मंगळवारी झग्याशिवाय तालीम घेतली. उर्वीला मापाची एक जांभळी ओढणी पिनांनी टाचून दिली. सगळं व्यवस्थित झालं. कुणी अडखळलं नाही, कुणी हसलं नाही, आणि प्रवेश मेला. ओडोआकर झालेला क्षितिज तिच्या खांद्यावरची ओढणी काढायचा, तेव्हा दुकानात ट्रायल चाललीय असं वाटायचं. तीनदा करून घेतलं. तीनदा तेच.

"उर्वी, काल झगा घातल्या घातल्या तुझा चेहरा अगदी त्या पोराचा झाला होता गं. आज काय झालं?"

तिचं मराठी चाचपडत चालतं, पण मी मराठीत विचारलं की ती बिचारी मराठीतच उत्तर देते. "मिस, तो मोठावाला क्लोक होता ना... तो घातला की मला भीती वाटत होती. म्हणजे, हे माझं नाहीये. कोणीतरी खूप मोठा माणूस होता, त्याचं आहे. आणि सगळे मला बोलतात, तूच घाल."

मी तिथेच खुर्चीवर बसले. लहानगा ऑगस्टस! तेरा वर्षं हे नाव फळ्यावर लिहीत आले आणि त्याचा अर्थ काल माझ्यासमोर जमिनीवर वीतभर पसरला होता. मी तो पिशवीत कोंबून परत दिला, कापून टाका म्हणाले. सगळ्या मराठी दुनियेत शिंपी एकच गोष्ट आंधळेपणानं करतो, पोराचा कपडा वाढत्या अंगाचा शिवतो. त्या एका सवयीनं काकांना जे साधलं, ते मला एवढी पुस्तकं वाचून साधलं नव्हतं.

आणि काकांची कातर! काका कामाला उशीर करणारे नव्हेत. मी तालीम सोडून पळाले. टॅक्सीत बसून ड्रायव्हरला नुसतं "यल्ला, यल्ला" करत होते. तो म्हातारा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "हॉस्पिटल?" मी म्हटलं, "नाही, टेलर."

दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत गेले. मशीन गेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग. टेबलावर झगा पसरलेला, त्यावर खडूची पांढरी रेघ, रेघेवर कातर ठेवलेली, आणि काका स्टुलावर बसलेले.

"कापलंत?" मला धाप लागली होती.

"नाय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "काल रात्रीपासून तीनदा कातर उचललंय. हात चलना नाय. एकतीस वर्सां झाली बाईंनू, पोराच्या कपड्याची माया कापूक नाय कधी. तुमचा बरोबर आसा. गिऱ्हाईक सांगता तसा करूक होया. पण माका जमणा नाय. तुमी दुसऱ्याकडसून कापून घेवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदरानं पुसलं आणि म्हटलं, "काका, कापू नका. चूक माझी आहे. झगा असाच हवा होता. तुम्हाला कळलं, मला कळलं नाही. हा कपडा परत आलेला नाही. मी मूर्खासारखी फक्त इथं विसरून गेले होते, तो न्यायला आलेय."

मग उर्वी काय म्हणाली ते सांगितलं. काका ऐकत राहिले. मग त्यांनी ब्रश घेऊन खडूची रेघ झटकायला सुरुवात केली. अगदी हळू, एक कण राहू नये अशी.

"फक्त पुढून अडखळायला नको," ते पुन्हा पुस्तकी मराठीवर आले होते. "पुढचं पावलांच्या वर येईल एवढं आत घेतो हातशिलाईनं. मागं लोळू दे."

शिवता शिवता त्यांनी विचारलं, "आणि शेवटी या झग्याचं काय होतं म्हणालात?"

"घडी करून दुसऱ्या राजाकडे पाठवतात."

"घडी कोण करतं?"

मी झग्याचं टोक सारखं करायला लागले. नाटकात क्षितिज तो चुरगाळून शिपायाकडे फेकत होता. मीच तसं बसवलं होतं. काकांच्या तोंडावरूनच कळलं, हे सांगायची सोय नाही.

"राज्य गेलं तरी कपड्यानं काय केलंय?" ते म्हणाले. "मुलीला करू दे. तिच्या अंगावर होता ना? उद्या घेऊन या तिला. शिकवतो."

बुधवारी उर्वी त्या रिकाम्या दुकानात तासभर उभी होती. आधी खांदे जुळवायचे, मग मधली शिवण, हवा दाबून काढायची, शेवटी दोन्ही हातांवर आडवा घ्यायचा. काका कडक होते. सातव्या खेपेला म्हणाले, "आता बरी झाली."

गुरुवारी संध्याकाळी ते आले. स्वतः शिवलेली राखाडी पँट, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि दोरीनं बांधलेली बॅग विंगेत ठेवलेली. एकतीस वर्षं त्यांनी कपडे आरशापर्यंतच पाहिले होते. दिव्यांत, लोकांसमोर, कधी नाही. पहिल्या प्रवेशात टोगेवाले आले, तेव्हा काका एकेकाचा घेर बघत होते, ओठांनी माप पुटपुटत. पण पाहुण्यांना उशीर झाल्यानं सगळंच तासभर लांबलं होतं. तिसऱ्या प्रवेशाची घंटा झाली आणि बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, "पाचच मिनिटं थांबा हो, काका!" त्यांनी घड्याळ दाखवलं, मान हलवली, बॅग उचलली. जाता जाता उर्वीच्या पाठीवरची एक चुणी सरळ केली.

उर्वी दिव्यात गेली. मागं तो जांभळा घोळ सरपटत होता. सहाशे लोकांत कुणी हसलं नाही. क्षितिज गुडघ्यावर बसला, तिनं झगा उतरवला. खांदे जुळवले. मधली शिवण. हवा दाबून काढली. दोन्ही हातांवर आडवा घेतला. टाळ्या वाजल्या तेव्हा काका विमानतळाच्या रस्त्याला लागले असतील. फोनवर मी रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घडी विस्कटली नाही ना?"

याला तीन वर्षं झाली. झगा शाळेच्या कपाटात राहिला. दर गॅदरिंगला कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चढला, उन्हात वाळला, विटून फिकट झाला. परवा उर्वी आली, आता दहावीत. चांगली माझ्या डोक्याच्या वर गेलीय. नाटक पुन्हा बसवतोय आणि सम्राट तिलाच व्हायचंय. झगा घातला तर मागूनसुद्धा घोट्यांच्या वर.

मी ब्लेड घेऊन खालची शिवण उसवायला बसले. एकेक टाका सारख्या अंतरावर, ओढला की अलगद सुटणारा. चार बोटं कापड खाली उतरलं. वरचा सगळा झगा विटलेला आणि ही पट्टी मात्र दुकानातून आज आणल्यासारखी गर्द जांभळी. उर्वी म्हणाली, "मिस, काकांनी हे माझ्यासाठी ठेवलेलं?"

फोटो काढून देवगडला पाठवला. अर्ध्या तासानं काकांचं उत्तर आलं.

"छान दिसते. आत आणखी एक दुमड आहे, दोन बोटं. ती एवढ्यात उसवू नका, मुलगी अजून वाढेल."

मी पट्टी उलटून बघितली. होती.