गुरुवारचा ढोल

जुमानाच्या बाकाच्या कप्प्यात हात घातला आणि इन्शिराह अब्लांच्या, म्हणजे संगीताच्या बाईंच्या, बोटांना काहीतरी गिळगिळीत लागलं. त्यांनी ते ओढून बाहेर काढलं. ताअमियाचे वडे भरलेल्या दोन भाकऱ्या, आंबलेलं चीज लावलेला पाव, कागदाला चिकटलेला हलव्याचा तुकडा. कालचं, परवाचं, सगळं एकात एक. इजिप्तमधल्या दुम्यात गावच्या उकाड्यात तेलाला खवट वास सुटला होता. अब्लांनी सगळ्याची कागदात पुरचुंडी बांधली.

"हे कुणाचं?"

"माझंच," जुमाना म्हणाली. चौथीची मॉनिटर, नऊ वर्षांची, पायात पांढरेशुभ्र मोजे. "मुली देतात. मग मी फळ्यावरचं त्यांचं नाव पुसते."

तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. कुणी कोणत्या वारी काय आणायचं, हेसुद्धा तिने ठरवून दिलं होतं. कुंपणच शेत खात होतं आणि मोजे कसे धुतल्या तांदळासारखे!

संगीताच्या तासाला गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे जुमानाचं काम. नाव न आलेल्या मुलीला एक चांदणी. जिच्या दहा चांदण्या होतील तिने गुरुवारी सकाळी, सगळी शाळा रांगेत उभी असताना, मोठा ढोल वाजवायचा. ही योजना मुख्याध्यापक उस्ताज शौकत यांची. दोन आठवड्यांत वर्ग असा गप्प झाला, की माशी घोंगावली तरी कळावी.

हनीनची मात्र एकही चांदणी झाली नव्हती. ही मुलगी बाकावर, पाटीवर, पुढचीच्या पाठीवर, कुठेही ठेका धरायची. अख्ख्या शाळेत ताल न सोडणारी ती एकटी. पण तिच्या डब्यात वाळकी भाकरी असे आणि ती जुमाना घेत नसे. दर मंगळवारी हनीन विचारायची, "अब्ला, माझ्या किती झाल्या?" आणि अब्ला फळ्याकडे बोट दाखवायच्या.

पुरचुंडी घेऊन त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. उस्ताज शौकत कलिंगडाच्या बिया चघळत होते. ओली टरफलं ते तळहातावर थुंकत आणि तोच तळहात हजेरीपटावर टेकवत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पुरचुंडी बोटाने जरा लांब सरकवली.

"वर्ग गप्प आहे ना, अब्ला? मग कोण कुणाचं खातंय ते उकरत बसू नका. गुरुवारी तपासनीस बाई येतायत."

अब्लांना शिसारी आली ती एकट्या त्यांची नव्हे, स्वतःचीही. बावीस वर्षं घसा फोडून ओरडल्यावर ही शांतता अब्लांना गोड लागली होती. पहिल्यांदाच वर्गात बसून गरम चहा पिता आला होता. हनीनचं नाव रोज फळ्यावर दिसत होतं आणि त्यांनी एकदाही चौकशी केली नव्हती. नळावर त्यांनी साबण लावून दोनदा हात धुतले. वास गेला नाही.

वर्गात येऊन त्यांनी चांदण्यांचा तक्ता फाडला, फळा पुसला, जुमानाला मागच्या बाकावर पाठवलं. मग सांगून टाकलं, की गुरुवारी ढोल हनीन वाजवणार. हनीनने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गुरुवारी शाळा रांगेत उभी राहिली. हनीनचा गणवेश इस्त्रीचा होता, ढोल तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. अब्लांनी अकॉर्डियन उघडलं, मान हलवली आणि राष्ट्रगीत सुरू केलं. ढोलाचा आवाज आला नाही. त्यांनी वळून पाहिलं. काठी तर चालत होती, अगदी तालात चालत होती, फक्त कातड्याला टेकत नव्हती. त्यांनी पुन्हा मान हलवली, डोळ्यांनी खुणावलं. हनीन त्यांच्याकडे बघून हसली आणि वाजवत राहिली. मुलीही ओठ हलवत होत्या, पण अकॉर्डियनशिवाय पटांगणात काही ऐकू येत नव्हतं.

तपासनीस बाईंनी मुख्याध्यापकांचं अभिनंदन केलं. इतकी शिस्त आपण साऱ्या जिल्ह्यात पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या आणि तसं वहीत लिहिलंही. उस्ताज शौकतनी त्यांच्यापुढे रव्याच्या गोड बस्बूसाची बशी धरली.

रांगा मोडल्यावर हनीन ढोल सावरत अब्लांकडे धावत आली. चेहरा आनंदाने फुलला होता.

"अब्ला, सगळं गाणं वाजवलं आणि जरासुद्धा आवाज होऊ दिला नाही. आता पुढच्या गुरुवारी पण मलाच ना?"