शटरचा सीन

माझे अब्बा मला मारत नाहीत. हे वाक्य मला लिहावं लागतंय, याचाच मला पहिला राग आहे. बाकीचे राग पुढं येतील.

कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. हैदर मिस्त्री म्हटलं की आजूबाजूच्या खेड्यातले ट्रॉलीवाले ओळखतात. दुकानामागच्या मोकळ्या जागेत माझा रॅम्प आहे. मोबाईलवर परदेशातली पोरं रिकाम्या स्विमिंग पूलमध्ये स्केटबोर्ड फिरवतात, ते मी एकदा अब्बांना दाखवलं होतं. त्यांनी सगळा व्हिडिओ नीट बघितला आणि विचारलं, "यातलं पानी काहून काढून टाकलं बा यांनी?" दुसऱ्या दिवशी एका पलटी झालेल्या ट्रॉलीचा पत्रा वाकवायला घेतला. खालून आधाराला लोखंडी अँगल मारले, वरच्या कडेला पाईप लावला, आणि कुठं कोपरा लागू नये म्हणून सगळीकडं ग्राइंडर फिरवला.

बोर्ड सलमानमामूनं पुण्याहून आणला होता. तिथल्या एका सोसायटीतल्या पोरानं टाकून दिलेला. त्याच्या बेरिंग गंजल्या होत्या, त्या अब्बांनी बदलल्या. शिकवायला कुणी नव्हतं. मी मोबाईल बघायचे, पडायचे, परत बघायचे. अब्बा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून सांगायचे, "गुडघे वाकव, मंतशा. काठीसारखी उभी ऱ्हाऊ नको." आणि ते बराबर असायचं.

स्केटबोर्डवाल्यांची एक रीत आहे. कुणाला अवघड उडी जमली की बाकीचे टाळ्या वाजवत बसत नाहीत, आपापला बोर्ड जमिनीवर आपटतात. मला ती रीत फार आवडली. पण आमच्याकडं बोर्ड एकच, आणि त्यावर मी. म्हणून अब्बा हातातला हातोडा उंच उचलून पत्र्यावर वाजवायचे. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. शेजारच्या ढाब्यावर जेवणारे ड्रायव्हर दचकून बघायचे. कोंडीबाकाका मात्र दचकायचे नाहीत. त्यांचं शेत मागंच आहे, रोज सकाळी ते दुकानात चहाला येतात आणि उलट्या डब्यावर बसून माझं पडणं बघतात. हातोडा वाजला की म्हणायचे, "जमलं वाटतं पोरीला."

माझी मैत्रीण आकांक्षा हिनं माझा एक व्हिडिओ काढला, नेटवर टाकला आणि तो पुण्यातल्या एका संस्थेनं बघितला. लहान गावांतल्या स्केटबोर्ड करणाऱ्या मुलींवर ते छोट्या फिल्म काढत होते. ज्या मुलीची निवड होईल तिला सहा महिने पुण्यात ठेवणार, खऱ्या सिमेंटच्या स्केटपार्कमध्ये, खऱ्या कोचकडं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की जेवताना मी ताटाच्या काठावर बोटं फिरवून तो पार्क कसा असेल ते बघत बसायचे.

फिल्म काढायला पल्लवीताई आल्या. बरोबर रविंद्र नावाचा कॅमेरावाला. पहिला दिवस चांगला गेला. मी उड्या मारल्या, पडले, अब्बांनी हातोडा वाजवला, रविंद्रनं सगळं घेतलं. मग पल्लवीताईंनी अब्बांना खुर्चीवर बसवलं.

"काका, हिला विरोध कोणी केला?"

अब्बांनी मनापासून आठवून बघितलं. "विरोध? हां, वेल्डिंगच्या वायरीवरून फिरू नको म्हनलो होतो मी."

"तसं नाही. समाजातून काही?"

"समाजातून लेकरं येऊन राहिलीत की फिरायला. बोर्ड एकच हाय म्हनून भांडनं होतात."

पल्लवीताई रविंद्रकडं वळून म्हणाल्या, "यार, यात काही कॉन्फ्लिक्टच नाहीये." मी शेजारीच उभी होते. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं की मला कळत नाही असं, ते अजून ठरलेलं नाही. मग त्यांनी अम्मीला बुरखा घालून खिडकीत उभं राहायला सांगितलं. माझी अम्मी जाहेदा घरात बुरखा कशाला घालेल? ती म्हणाली, "भाजी करपंल," आणि चुलीकडं निघून गेली. अम्मीला माणसं लवकर कळतात. अब्बांना कळत नाहीत, आणि पाव्हण्याला नाही म्हणणं तर त्यांना जन्मात जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवीताई म्हणाल्या, "काका, फक्त एक सीन करायचाय. तुम्ही रागानं बोर्ड दुकानात फेकायचा आणि शटर ओढायचं. नाटक हो, बाकी काही नाही."

नाटक म्हटल्यावर अब्बा खुलले. तरुणपणी गावातल्या मंडळाच्या नाटकात त्यांनी सावकाराच्या गुंडाचं काम केलं होतं आणि ते अजून ऐकवतात. त्यांनी तोंड धुतलं, बाह्या वर केल्या. मग आत जाऊन सोयाबीनची दोन रिकामी पोती आणली, घडी करून शटरच्या आत फरशीवर अंथरली आणि पायानं दाबून बघितली.

"ते कशाला, काका? कॅमेऱ्यात आतलं दिसणार नाहीये."

"दिसनार न्हाई म्हनून तर ठेवलं. तसाच फेकला तं तुटंल ना बोर्ड."

अब्बांनी डोळे वटारले, बोर्ड माझ्या हातातून ओढला, दाणकन फेकल्यासारखा फेकला आणि शटर खाली आणलं. बोर्ड पोत्यांवर पडला, काही ऐकूसुद्धा आलं नाही. कॅमेऱ्यामागं रविंद्र हसत होता आणि मी तर पोट धरून हसत होते. जाताना अम्मीनं दोघांना शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाईट मनात धरणं तिलाही जमत नाही.

फिल्म दाखवायचा कार्यक्रम हिंगोलीत, एका मंगल कार्यालयात होता. माझी निवड झाली हे आधीच कळलं होतं, तिथं फक्त जाहीर व्हायचं होतं. अब्बांनी कुर्त्याला स्वतः इस्त्री केली. कनेरगावहून जीप भरून माणसं आली, कोंडीबाकाका धुतलेलं धोतर नेसून आले. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, काका आमच्या पुढं. दिवे गेले आणि पडद्यावर आमचं दुकान आलं.

अब्बा आले ते हातोडा उंच उचललेले. खाली जडजड संगीत. एका बाईचा आवाज म्हणाला, "तिच्या प्रत्येक उडीमागे ही भीती होती." तो हातोडा माझी टाळी होती! ती उडी जमली म्हणून वर गेलेला हात होता तो. मी खुर्चीतून उठणार तेवढ्यात शटरचा सीन आला. अब्बांनी मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाले, "बघ, डोळे कसे काढले."

बोर्ड गेला आणि धाडकन आवाज झाला. लाकूड फुटल्यासारखा. तो आवाज आमच्या दुकानात कधी झालाच नव्हता. शटर खाली आलं, मी घाम पुसत होते ते डोळे पुसल्यासारखं दाखवलं, आणि बाई म्हणाली, "बापानं तिच्या स्वप्नांवर शटर ओढलं. पण मंतशा थांबली नाही."

अब्बांचं कोपर माझ्या दंडाला टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघवलं नाही. आजूबाजूची माणसं चुकचुकत होती. आणि मग कोंडीबाकाका मागं वळले. आमच्या दुकानातला चहा रोज पिणारे, मला रोज त्या रॅम्पवर बघणारे कोंडीबाकाका. म्हणाले, "हैदर, लेकराला आसं करू न्हाई बाबा."

दिवे लागले. मला वर बोलावलं. प्रमुख पाहुणे अमृतराव, आमच्या भागातले पुढारी, त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. पुण्याला निवड झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या पडल्या. मी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "हे खोटं आहे. रॅम्प अब्बांनी बनवलाय. तो सीन नाटक होता, यांनीच करायला लावला."

आणखी टाळ्या पडल्या. अमृतरावांनी माझ्या हातातून माईक अलगद काढला. "बघा! एवढं सोसूनही पोरगी बापावर आळ येऊ देत नाही. याला म्हणतात संस्कार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं बोलले, तर तेही यांच्याच फिल्ममध्ये जाऊन बसलं. यांना काही सांगायचीच सोय नव्हती. वर अमृतरावांना आणखी सुचलं. "आज या बापानं सगळ्यांसमोर बोर्ड परत लेकीच्या हातात द्यावा. झालं गेलं विसरून जाऊ!" पल्लवीताईंनी स्टेजच्या कडेवरून अब्बांना खूण केली. नुसते ओठ हलवून म्हणाल्या, "काका, फक्त एक सीन."

आणि अब्बा उठले. खरंच उठले. पायऱ्या चढून वर आले, टेबलावर मांडून ठेवलेला माझा बोर्ड घेतला आणि माझ्यापुढं धरला. हळू आवाजात म्हणाले, "घे बेटा. पुण्याला पाठवून राहिले ना तुला? माझं काय जातंय त्याच्यात?"

ते हसायला बघत होते. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. या माणसानं माझ्यासाठी गुंडाचं काम जन्मभर केलं असतं, तेही न कुरकुरता.

मी हात मागं घेतले. "असा नाही घेणार. फेका."

"काय?"

"दुकानात फेकला तसा. तो सीन पुन्हा करा, इथं, सगळ्यांसमोर. मग घेते."

मी अब्बांना ओळखते. ते काय करतील हे मला माहीत होतं, म्हणून तर म्हणाले. अमृतराव "अरे, अरे" करत होते. अब्बांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, बाह्या वर केल्या, बोर्ड डोक्याच्या वर नेला. मग खाली बघितलं. खाली गुळगुळीत कडक फरशी होती. त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. काहीच मिळेना.

"ती शाल दे," ते म्हणाले.

मी खांद्यावरची शाल काढून दिली. अब्बा खाली बसले, बोर्ड मांडीवर ठेवला, शालीची चौपदरी घडी केली आणि फरशीवर अंथरली. पायातली चप्पल काढून अंगठ्यानं दाबून बघितली. मग उठले, डोळे वटारले आणि होती नव्हती ती ताकद लावून बोर्ड फेकला.

आवाज झाला नाही.

मागच्या रांगेत आकांक्षा एकदम मोठ्यानं हसली आणि तितक्याच एकदम थांबली. अब्बांनी बोर्ड उचलून माझ्या हातात दिला. शाल झटकली, घडी करून टेबलावर अमृतरावांच्या नारळाशेजारी ठेवली. मग पल्लवीताईंकडं वळले. मी त्यांचा तो आवाज घरात कधी ऐकलेला नाही.

"आवाज तुमी मागून टाकता ना, ताई? टाका मग."

पुणं गेलं. आधी निरोप आला की निर्णय पुढं ढकललाय, मग कळलं की दुसरीच मुलगी गेली. मी काही मोठेपणा सांगत नाही, मला ते अजून हवंय. रात्री त्या पार्कचे व्हिडिओ बघते आणि मोबाईल उशीखाली दाबते.

त्या दिवशी जीपनं परतताना अब्बा अमृतरावांबद्दल बोलले नाहीत, पल्लवीताईंबद्दलही नाही. हिंगोली मागं पडल्यावर एकदाच विचारलं, "कोंडीबाला कसं पटलं गं?" काका जीपमध्ये नव्हते, दुसऱ्या गाडीनं गेले होते. अम्मी खिडकीबाहेर बघत राहिली. मी मांडीवरच्या बोर्डाची चाकं फिरवत बसले.

उत्तर सकाळी कोंडीबाकाकांनीच आणून दिलं. नेहमीच्या वेळेला आले, नेहमीच्या डब्यावर बसले, चहाची वाट बघत म्हणाले, "राग मानू नको, हैदर. मला वाटलं, तुमच्यात आसंल बाबा तसं."

किती सहज म्हणाले. त्यांना काही वाईट बोललो असं वाटतही नव्हतं. मला वाटलं आता अब्बा उठवतील त्यांना. उठवा, मी मनात म्हणत होते, एकदा तरी उठवा कुणाला. अब्बांनी कपात चहा ओतला, काकांच्या हातात दिला आणि आपल्या कामाला लागले.

मी बोर्ड उचलला आणि मागं गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं. रॅम्पच्या वरच्या पाईपावरून सरळ खाली सुटले, गुडघे वाकवायचे विसरले आणि पत्र्यावर अशी आपटले की कोपर सोललं. उडी सपशेल फसली होती.

ठण्ण.

मान वर केली तर अब्बा रॅम्पपाशी उभे होते, चष्मा कपाळावर, हातोडा वर. ठण्ण, ठण्ण. मी म्हणाले, "अब्बा, जमली नाही." ते माझ्याकडं बघत नव्हते. ते डब्यावर बसलेल्या कोंडीबाकाकांकडं बघत होते आणि पत्रा वाजवत होते. ढाब्यावरचे ड्रायव्हर बाहेर आले. काकांचा चहा कपातून धोतरावर सांडला, त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही कानांवर हात घेतले. अब्बा वाजवतच राहिले.