कोकण की अंदमान

थेंब बाटलीच्या टोकाशी लोंबत होता, पडत नव्हता, आणि त्याच्यात खिडकीबाहेरचं मनीषनगरचं उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ उलटं दिसत होतं — मग तो भूपेशच्या बाबांच्या, गुलाबचंदांच्या डोळ्यात पडला. त्यांनी पापणी घट्ट मिटली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. दर दोन तासांनी औषध, आणि त्यासाठीच भूपेश बोट सोडून नागपूरला आला होता. बोटीवर त्याची बायको, प्रियदर्शनी, एकटी होती. अंदमानात.

तीन वर्षं दोघं त्या तीस फुटी शिडाच्या बोटीवर राहत होते — तिथेच शेगडी, तिथेच अंथरूण. दोन हिवाळे कोकणात गेले, तिसरा अंदमानात, आणि पुढचा कुठे हे ठरत नव्हतं. त्याला कोकण हवं होतं: दर चार-पाच तासांवर एखादी खाडी, चिखलात रुतला की जागचा न हलणारा नांगर, काठावर बर्फ, डिझेल, भाजी, कुणाची तरी ओळखीची हाक. अंदमानात पाणी इतकं नितळ की तळाचा नांगर वरून दिसतो, आणि प्रवाळावरून घसरतानाही दिसतो... भाजीसाठी दोन दिवस शिडं हाकायची, फोन नाही, माणूस नाही. आपलं म्हणणं कसं रास्त आहे ते तो मनात पुन्हा पुन्हा मांडत होता, आणि दर वेळी मांडून झालं की कोकणातल्या त्या एका खाडीचं तोंड समोर यायचं. ओहोटी लागली होती. थांबू या, असं ती म्हणाली होती. तो थांबला नव्हता. बोट वाळूच्या दांड्यावर चढून आडवी झाली आणि प्रियदर्शनीच्या खांद्याचं हाड मोडलं — वाळू सरकली होती, असं तो सगळ्यांना सांगत आला. तिने ते कधी खोडून काढलं नाही. कोकण नको, एवढंच ती त्यानंतर म्हणू लागली.

सकाळी रेंजमध्ये आल्यावर तिचा फोन आला तेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय हे त्यानेच तिला सांगितलं. बोट बंदरात लाव आणि विमानाने निघून ये, असंही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बंदरात बोटी एकमेकींवर आदळतील. मी आत्ताच दक्षिणेच्या खारफुटीत जाऊन राहिली, तिथे झाडांना दोर बांधून थांबीन. परवापर्यंत फोन लागणार नाही."

"कोकणात असतो तर—"

"तर काय, भूपेश?"

फोन ठेवला गेला.

दुपारभर कूलर घरघरत राहिला आणि तो मोबाइलवर उपग्रहचित्रातला तो ढगांचा पांढरा भोवरा पाहत बसला. दोरखंड ताणले जातायत, डोलकाठी कलतेय, बोट मुळांवर आपटून फुटतेय — आणि प्रियदर्शनी चिंब भिजून किनाऱ्यावर उभी, सुखरूप, तुझंच खरं होतं म्हणणारी. हे चित्र त्याने मनात कितीदा पाहिलं कुणास ठाऊक. एकदा तो तिला किनाऱ्यावर उतरवायला विसरला.

"केव्हाचा दोन्हीकडचं पाणी तोलून राहिला गा तू," खाटेवरून बाबा म्हणाले. उमरेडला चाळीस वर्षं मागावर बसलेला तो माणूस, डोळे मिटूनही कुठला धागा ताणलाय ते त्याला कळायचं. "कोकण काहून नको म्हणते ते तिले विचारलं काय कधी?"

"ऊन लागतंय तुम्हाला, बाबा," म्हणत त्याने पडदा ओढला. तिरीप बाबांपर्यंत पोचत नव्हती.

साडेचारला हवामान खात्याचा नवा अंदाज आला. पट्टा विरळ होतोय, ईशान्येकडे वळतोय, बेटांना धोका नाही. त्याने दोनदा वाचलं. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून तो थांबला... जिना संपलाय हे न कळून पुढे पाऊल टाकावं, तसं आत काहीतरी खाली गेलं. ती निराशा होती, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मोबाइल पालथा ठेवला, आणि हात मांडीवर पुसले, जरी ते कोरडेच होते.

"काय म्हणते तिकडचा वारा?" बाबांनी विचारलं.

"वाढून राहिला," भूपेश म्हणाला.

शब्द किती सहज निघाले. बाबांनी मान हलवली, देवाचं नाव घेतलं. परवा तिचा फोन येईल, ती काय काय झालं ते सांगेल, आणि तिचा धडधाकट आवाज ऐकताना आपल्याला काय वाटेल... याची त्याला भीती वाटू लागली.