सैल ठेवलेली वीण

मी एक जुनी डोली आहे, मित्रांनो. ब्विंडीच्या डोंगरातले लोक मला एंगोझी म्हणतात. तिंद्येब्वा आजोबांनी वेली वळून मला विणले आणि दोन लांब दांडे बांधून चौघांच्या खांद्यावर दिले. गावातले आजारी माणूस दरीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचे ते माझ्यातूनच. खांदा द्यायला घरटी एकजण यायचाच. कामचुकार कुणी आजारी पडला, तर त्यालाही नेत, पण वाटभर चिडवत! कोबुसिंगे तर अर्ध्या चढावर माझ्यातच जन्मली.

पुढे जंगल राखीव झाले. गोरिला पाहायला पाहुणे येऊ लागले आणि गुडघे कुरकुरले की माझ्यात बसू लागले. गोरिलांच्या अलीकडे आम्ही थांबायचे, पाहुण्यांनी पुढे जायचे, असा नियम. आजोबांनी वीस वर्षे मला वाहिले, पण गोरिला कधी डोळे भरून पाहिला नाही. मग त्यांची नजरच विझत चालली. फार वाईट वाटायचे मला.

कोबुसिंगे आता वनरक्षक आहे. तिने परवानगी मिळवली आणि चौघांना बोलावले.

“बसा, आजोबा.”

“मी काय आजारी आहे? का पाहुणा?”

“बसा हो मुकाट्यानं! तुम्हीच विणलीय. तुटली तर नाव तुमचंच जाईल.”

वाटभर त्यांचे तोंड चालू होते. “डावीकडे मूळ आहे, गाढवांनो! दांडा खांद्यावर घ्या, मानेवर नको!”

थांबायची जागा आली. आजोबा उतरले आणि सवयीने डोली वाहणाऱ्यांच्या जागी, सामानापाशी जाऊन बसले. सगळे हसले. कोबुसिंगेचे मात्र डोळे भरून आले.

“उठा, आजोबा. आज पुढे जायचंय तुम्हाला.”

तिचा हात धरून ते झाडीत गेले. मी मागेच राहिले. धुके उतरत होते. त्यांना दिसेल ना, एवढाच माझ्या जिवाला घोर.

तासाभराने ते डोळे पुसत परतले.

“दिसला का?” चौघांनी एकदम विचारले.

“दिसला रे! केवढा थोरला! फांद्या वाकवून बसायला गादी विणत होता. माझ्यासारखाच, मांडी घालून.” मग नाक ओढून म्हणाले, “वीण मात्र सैल हो त्याची!”

आता आजोबांना काहीच दिसत नाही. तरी पावसाआधी ते मला चाचपून दुरुस्त करतात. मित्रांनो, आता दवाखान्यापर्यंत रस्ता झाला म्हणून मला अडगळीत टाकू नका. चुलीवरच्या धुरात टांगा, तुटलेली वेल वेळीच बदला. फक्त माझ्या उशाकडची एक वीण त्या दिवसापासून सैल आहे, ती आवळू नका. आजोबांचा हात तिथे चुकलेला नाही.