डावीकडचा उजेड

आईच्या पुस्तकात एक होडी आहे. होडीत एक मुलगी झोपलेली आणि होडी आपली गावामधून वाहत चाललेली. घरांच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, खिडकीतून कोणी चादर झटकतं, पुलावर एक मांजर बसलेलं असतं. बस्स, एवढंच घडतं. मुलांची पुस्तकं रंगवण्यात आईचा जन्म गेला. या पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं राहिलं आणि तिचा उजवा हात थरथरायला लागला. थांबेल, थांबेल म्हणायची. नाही थांबला.

मग ते पान माझ्याकडे आलं. मीही चित्रं काढते, पण बिस्किटांच्या पुड्यांवरची. आईच्या पुस्तकाला माझा हात लागणार म्हणून मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू!

मी डावखुरी. तिच्या टेबलाशी बसलं की खिडकी डावीकडे यायची आणि माझ्याच हाताची सावली कागदावर पडायची. सरळ टेबल फिरवून खिडकी उजवीकडे घेतली नि कामाला लागले. काय पान झालं म्हणून सांगू! होडी काठाला लागलेली, दारात दिवे, पाण्यात त्यांचे केशरी तुकडे, मागे काळंकुट्ट आभाळ. प्रकाशक म्हणाला, "सगळ्या पुस्तकात हेच पान उठून दिसतंय." मी नुसती हवेत होते.

दुपारी आई पलंगावर पडायची आणि मी एकेक पान तिच्यासमोर धरायचे. अर्धवट झोपेत ती पुस्तकात जायची. म्हणजे खरंच जायची. "पायऱ्या ओल्या आहेत गं, जपून," म्हणायची. पडदा फुगायचा, रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे, आणि पलंग हळूहळू पुढे सरकतोय असं मलाही वाटायचं. पुलाखालून जाताना गारवा लागायचा. त्या दिवशी तसंच तरंगत आम्ही माझ्या पानाशी आलो आणि आईने टक्क डोळे उघडले.

"काय झालं?"

"जाग आली."

"आवडलं नाही?"

"देखणं आहे की! पण कोणीतरी खांदा धरून हलवलं बघ मला. ती मुलगी पोचली घरी, मी बाहेरच राहिले."

माझं डोकंच फिरलं. सगळी पानं जमिनीवर मांडली, चूक तिची आहे हे दाखवायला. पण प्रत्येक पानात उजेड डावीकडून येत होता. चादरीची, मांजराची, पायऱ्यांची, सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला. काळा रंग कुठेच नाही, पुलाखालचा अंधारसुद्धा निळा. माझ्याच पानावर सगळं उलटं.

"हा नियम मला सांगायचा नाही का आधी?"

"नियम कसला डोंबलाचा! एकच दुपार आहे गं ती. तिला दुपारीच घरी न्यायचं होतं मला. तू एकदम रात्र केलीस."

"मग घे दुसऱ्या कोणाकडून करून!"

आईने थरथरणारा हात चादरीखाली लपवला. मला ते बघवेना.

टेबल पुन्हा पहिल्या जागी आणलं. सावली कागदावर आलीच. थोडा वेळ तिच्याशी भांडले, मग नाद सोडला. दिवे काढून टाकले. दार अर्धवट उघडं ठेवलं, उंबऱ्यावर डावीकडून आलेला उजेड. आणि माझ्या हाताची सावली पडत होती तिथेच होडीखालचं निळं पाणी भरलं.

दुपारी पानं धरली. चादर गेली, मांजर गेलं, पूल गेला. शेवटचं पान आलं तरी आईचे डोळे मिटलेलेच होते. श्वास संथ चालला होता, आणि चादरीवर तिचा हात अगदी स्वस्थ पडला होता. मला वाटलं, झोपली.

"हे कधी काढलं गं मी?" ती झोपेतच पुटपुटली.

माझं सगळ्यात चांगलं पान, आणि त्यात मी कुठेच नव्हते.

"मागेच काढलंस," मी म्हणाले. "हात बरा होता तेव्हा."